एकही लढत न हरता क्रॉफर्डने बेल्ट कसे गमावले?

१३ सप्टेंबर २०२५ ची रात्र. लास वेगासच्या अलीजिएंट स्टेडियममध्ये ७० हजारांहून अधिक प्रेक्षक. समोर मेक्सिकोचा लाडका कॅनेलो अल्वारेझ, या पिढीतला बॉक्सिंगचा सर्वात मोठा स्टार. त्याच्याशी लढायला अमेरिकेचा टेरेन्स क्रॉफर्ड दोन वजनी गट ओलांडून वर आला होता. वय ३७. अनेकांना वाटत होतं की कॅनेलोच्या ताकदीपुढे तो टिकणार नाही.

१२ राउंडनंतर तिन्ही पंचांनी क्रॉफर्डला विजयी ठरवलं. गुण होते ११६-११२, ११५-११३, ११५-११३. तीन वेगवेगळ्या वजनी गटांत चारही प्रमुख बेल्ट एकाच वेळी जिंकणारा तो पहिला पुरुष बॉक्सर ठरला. महिलांमध्ये क्लॅरेसा शिल्ड्सने हे आधीच केलं होतं.

मग ३ डिसेंबरला चारपैकी एक बेल्ट त्याच्याकडून काढून घेण्यात आला. मधल्या काळात तो एकही लढत खेळला नव्हता. १६ डिसेंबरला त्याने निवृत्ती जाहीर केली. ४२ लढती, ४२ विजय, ३१ नॉकआउट. पराभव शून्य.

न हरता बेल्ट जातो कसा? या प्रश्नाच्या उत्तरात व्यावसायिक बॉक्सिंग नेमकं कसं चालतं, हे दिसतं.

एका गटात चार चॅम्पियन कसे?

विजेंदर सिंग किंवा मेरी कोमने ज्यात पदकं जिंकली, त्या ऑलिम्पिकच्या बॉक्सिंगमध्ये ड्रॉ निघतो, फेऱ्या होतात, शेवटी एक सुवर्णपदक मिळतं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये असा ड्रॉ नसतो. तिथे चार वेगवेगळ्या संघटना आपापला बेल्ट देतात: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. प्रत्येकीचं रँकिंग वेगळं, नियम वेगळे. त्यामुळे एकाच वजनी गटात एकाच वेळी चार 'जगज्जेते' असू शकतात.

हे चारही बेल्ट एकाच बॉक्सरकडे आले, तर त्याला 'अनडिस्प्युटेड' चॅम्पियन म्हणतात. म्हणजे ज्याच्याबद्दल वादच नाही असा.

पण कोण कोणाशी लढणार, हे रँकिंगवर ठरत नाही. ते करारावर ठरतं. प्रत्येक मोठ्या बॉक्सरचा प्रमोटर असतो, त्या प्रमोटरचा एखाद्या टीव्ही चॅनेलशी करार असतो. दोन बॉक्सर वेगवेगळ्या गोटात असतील, तर आधी पैशांची वाटणी जमावी लागते. लढतीचं नंतर.

ओमाहाचा मुलगा

क्रॉफर्ड नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहराचा. हे काही अमेरिकन बॉक्सिंगचं माहेरघर नाही. त्याच्याकडे ऑलिम्पिक पदकही नव्हतं. म्हणजे सुरुवातीलाच नाव गाजावं, असं काहीच हाताशी नव्हतं.

मार्च २००८ मध्ये तो व्यावसायिक झाला. त्याच वर्षी फाशांच्या जुगारानंतर तो गाडीत बसून जिंकलेले पैसे मोजत होता. मागून गोळी आली आणि डोक्याला लागली. तो स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलमध्ये गेला.

पहिला जागतिक बेल्ट त्याने परक्या मैदानात मिळवला. मार्च २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात त्याने स्थानिक चॅम्पियन रिकी बर्न्सला हरवलं. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे लढता लढता बाजू बदलणं. तो मूळचा उजव्या हाताचा, पण डावखुऱ्यासारखा उभा राहून तितक्याच सहज लढायचा. पहिले काही राउंड तो समोरच्याला वाचायचा आणि एकदा अंदाज आला की वेग वाढवायचा. या जोरावर त्याने लाइटवेटपासून सुपर मिडलवेटपर्यंत, म्हणजे साधारण ६१ किलोपासून ७६ किलोपर्यंत, पाच वजनी गटांत जागतिक किताब मिळवले.

स्पेन्सशी लढायला पाच वर्षं का लागली?

जून २०१८ मध्ये जेफ हॉर्नला हरवून क्रॉफर्ड वेल्टरवेटमध्ये डब्ल्यूबीओ चॅम्पियन झाला. हॉर्न म्हणजे आदल्या वर्षी मॅनी पॅकियाओला हरवणारा बॉक्सर. त्याच गटात एरल स्पेन्स आयबीएफचा चॅम्पियन होता. दोघेही अपराजित. चाहत्यांना ही लढत लगेच हवी होती. ती झाली जुलै २०२३ मध्ये.

क्रॉफर्ड होता 'टॉप रँक' या प्रमोटर कंपनीकडे, तिचा करार ईएसपीएनशी. स्पेन्स 'प्रीमियर बॉक्सिंग चॅम्पियन्स'कडे, त्यांच्या लढती दुसऱ्या चॅनेल्सवर. दोन्ही गोटांना आपला माणूस समोरच्याच्या कार्यक्रमात पाठवायचा नव्हता. स्पेन्सच्या गाडीचा मोठा अपघात आणि नंतर डोळ्याची दुखापत यामुळेही वेळ गेला. पण मुख्य अडसर व्यवहाराचा होता. टॉप रँकचे प्रमुख बॉब अरम तर क्रॉफर्डच्या लढतींवर आपले पैसे बुडतात, असं जाहीरपणे बोलले होते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये शॉन पोर्टरला हरवल्यावर क्रॉफर्डने टॉप रँक सोडलं. त्यानंतरही २०२२ मधली बोलणी फिसकटली. अखेर लढत झाली, तेव्हा स्पेन्स तीनदा खाली पडला आणि नवव्या राउंडमध्ये रेफरीने लढत थांबवली. पाच वर्षं जमत नसलेली लढत नऊ राउंडही पूर्ण चालली नाही. मात्र तोवर क्रॉफर्ड पस्तिशीत पोहोचला होता. बॉक्सरच्या आयुष्यातली सर्वात महाग वर्षं वाट पाहण्यात गेली होती.

तीनदा चार बेल्ट, तिन्ही वेळा फाटाफूट

क्रॉफर्ड पहिल्यांदा अनडिस्प्युटेड झाला ऑगस्ट २०१७ मध्ये, ज्युलियस इंडोंगोला तिसऱ्या राउंडमध्ये नॉकआउट करून. आयबीएफने ठरवलेल्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्याऐवजी दोन आठवड्यांच्या आत त्याने तो बेल्ट सोडून दिला.

दुसऱ्यांदा स्पेन्सला हरवल्यावर. करारात स्पेन्सशी परतीच्या लढतीची अट होती, आयबीएफला मात्र आपल्या क्रमवारीतला प्रतिस्पर्धी हवा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयबीएफने बेल्ट काढून जॅरॉन एनिसला दिला. ती परतीची लढत कधी झालीच नाही.

तिसऱ्यांदा कॅनेलोला हरवल्यावर. यावेळी वाद थेट पैशांचा होता. बेल्टसाठी लढणारा बॉक्सर आपल्या मानधनातला काही टक्के हिस्सा संघटनेला देतो. डब्ल्यूबीसीचा दर ३ टक्के. या लढतीचं क्रॉफर्डचं मानधन ५ कोटी डॉलर, म्हणजे साधारण ४५० कोटी रुपये असल्याच्या बातम्या होत्या. त्यावर ३ टक्के म्हणजे १५ लाख डॉलर. डब्ल्यूबीसीचं म्हणणं होतं की आपण ०.६ टक्क्यांवर, म्हणजे ३ लाख डॉलरवर यायला तयार होतो, त्यातला मोठा भाग गरजू बॉक्सरांच्या मदतनिधीत जाणार होता आणि क्रॉफर्डने उत्तरच दिलं नाही. क्रॉफर्डचा सवाल होता, बाकीच्या तीन संघटनांना जे दिलं, त्यापेक्षा डब्ल्यूबीसीला जास्त का द्यायचं?

दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं आहे. संघटना चालवायला पैसे लागतात, हे खरं. पण चार संघटनांना खूश ठेवत चारही बेल्ट टिकवणं जवळपास अशक्य आहे, हे क्रॉफर्डच्या तिन्ही वेळच्या अनुभवातून दिसतं. प्रत्येकीचा प्रतिस्पर्धी वेगळा आणि शुल्कही वेगळं.

मग कॅनेलोची लढत जमली कशी?

सौदी अरेबियाच्या पैशांमुळे. तिथले अधिकारी तुर्की अल-शेख यांनी गेल्या काही वर्षांत अनेक रखडलेल्या लढती घडवल्या. मोठी रक्कम समोर आली की गोटांची भांडणं मिटतात. ही लढत नेटफ्लिक्सवर वेगळे पैसे न मोजता बघता आली. कंपनीच्या आकड्यांनुसार ती जगभरात ४ कोटींहून अधिक लोकांनी पाहिली.

याच लढतीचे प्रमोटर, यूएफसीचे डॅना व्हाइट, आता सौदीच्या साथीने 'झुफा बॉक्सिंग' चालवत आहेत. कल्पना सोपी आहे: चार संघटना बाजूला ठेवायच्या आणि एकाच कंपनीचं रँकिंग, एकच बेल्ट. प्रेक्षकांसाठी हे सुटसुटीत आहे. पण अमेरिकेत २००० साली झालेल्या 'मुहम्मद अली कायद्या'चा एक हेतूच प्रमोटरच्या हातात सगळी सत्ता जाऊ नये, हा होता. लढत लावणारा, क्रमवारी ठरवणारा आणि मानधन देणारा एकच असेल, तर घासाघीस करायला बॉक्सरकडे दुसरं दारच उरत नाही.

क्रॉफर्डने जुन्या व्यवस्थेत पाच वर्षं गमावली. मात्र टॉप रँक सोडून दुसरीकडे जायची मोकळीक त्याला त्याच व्यवस्थेत मिळाली होती. पुढच्या पिढीतल्या बॉक्सरला मोठ्या लढती कदाचित लवकर मिळतील. मनासारखं जमलं नाही तर त्याला क्रॉफर्डसारखं बाहेर पडता येईल का, हे बघावं लागेल.