दिवाणाच्या पोटातला चार्जर

आष्टीत घर बांधणारा माणूस आता सुताराला कागदावर काही काढून दाखवत नाही, मोबाइलवरचा फोटो दाखवतो. पलंगाच्या उशाकडच्या फळीत एक पितळी झाकण, ते उचललं की आत सॉकेट. नाहीतर टेबलाचा गुळगुळीत माथा, त्यावर नुसता फोन ठेवला की चार्जिंग सुरू. वायरीचा पत्ता नाही. ‘मिस्त्री, असंच पाहिजे, वायर दिसली नाही पाहिजे,’ एवढं सांगून तो मोकळा होतो. फोटो बहुधा कुठल्या तरी थंड देशातल्या नाहीतर मोठ्या शहरातल्या एसी खोलीचा असतो. काम मात्र करायचं असतं वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या टोकाला, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकला तरी कुणाला नवल वाटत नाही.

या मागणीला नाक मुरडायचं कारण नाही. टीव्हीमागे लोंबणाऱ्या वायरी, दिवाणावरून खोलीभर फिरणारा एक्स्टेंशन बोर्ड आणि त्याला लटकलेले चार फोन कुणाच्याच डोळ्याला बरे दिसत नाहीत. ते झाकायचं काम आपलंच आहे. आमचं म्हणणं एवढंच, की झाकणं वेगळं आणि कोंडणं वेगळं. आज आपल्याकडच्या बऱ्याच कामांत झाकण्याच्या नावाखाली कोंडणं चाललं आहे.

लाकडाच्या पेटीत वीज बसवण्याचा अनुभव आपल्या देशाला नवा नाही. ठाण्याच्या कारखान्यात तयार होणारे मर्फीचे व्हॉल्व्हवाले रेडिओ ज्यांनी उघडून पाहिले असतील त्यांना आठवेल. समोरून चकचकीत पॉलिश, कापडाची जाळी, गोल बटणं; आणि मागे हार्डबोर्डचा पातळ पत्रा, त्याला ओळीने पाडलेली भोकं. व्हॉल्व्ह तापत, म्हणून ती भोकं. पुढे सरकत्या शटरचे लाकडी टीव्ही आले. कार्यक्रम संपला की शटर ओढून घ्यायचं आणि वर भरतकामाचा रुमाल टाकायचा. पण त्यांच्याही पाठीला फटी होत्याच, आणि बसवायला आलेला माणूस ‘भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा’ असं बजावून जात असे. त्या पेट्या करणाऱ्यांना पाठ किती महत्त्वाची हे कळलं होतं. आपण मात्र पाठीला सहा एमएमचा प्लाय ठोकतो, युनिट भिंतीला घट्ट भिडवतो आणि उरलेली फटसुद्धा सिलिकॉनने बुजवून टाकतो. काम स्वच्छ दिसतं, ग्राहक खूश होतो.

आता थोडा हिशेब. हल्ली साध्या फोनबरोबरही ३३ किंवा ६७ वॅटचा चार्जर येतो. ६७ वॅटचा चार्जर ९० टक्के कार्यक्षम धरला, तरी पूर्ण जोरात चालताना सात वॅटच्या वर उष्णता तो नुसता बाहेर टाकतो. फोनची बॅटरी तापते ती वेगळीच. उघड्या खोलीत हे कळतही नाही. पण सनमायका लावलेला बंद खण, आत दोन फोन, दोन चार्जर, बाहेर खोलीचंच तापमान ४० च्या पुढे, अशा वेळी ती उष्णता जाणार कुठे? लाकूड उष्णता सोडत नाही, धरून ठेवतं. लिथियम-आयन सेल बहुधा ० ते ४५ अंशांच्या दरम्यानच चार्ज करायचे असतात. आयफोन तर ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा, असं खुद्द कंपनीच सांगते. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात चार्जिंगची सुरुवातच मर्यादेच्या काठावरून होते. चांगला फोन तापला की स्वतःच चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो, आणि ग्राहक सांगत येतो की ‘तुमच्या कपाटात फोन चार्जच होत नाही’. स्वस्तातला चार्जर थांबत नाही, ही त्याहून वाईट गोष्ट. परदेशात ड्रॉवरमध्ये बसवण्यासाठी जे खास सॉकेट मिळतात, त्यांत तापमान वाढलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट असतो. तो नसेल तर बंद ड्रॉवरमध्ये चार्जिंग द्यायचंच नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. ग्राहक कितीही हट्टाला पेटला तरी.

टेबलाखालच्या वायरलेस पॅडचंही वेड आहे. आयकियाने २०१५ साली हे तंत्र आपल्या फर्निचरमध्ये आणलं. त्यांचं टेबलाखाली चिकटवायचं पॅड ८ ते २२ मिलिमीटर जाडीच्या लाकडातून किंवा प्लास्टिकमधून चालतं. म्हणजे १८ एमएमचा प्लाय आणि वर एक एमएमची सनमायका, हे मापात बसतं. मापात बसतं म्हणून करावंच असं नाही. वायरलेसमध्ये वायरीपेक्षा जास्त वीज उष्णतेत जाते, फोन नेमक्या जागेवर ठेवावा लागतो, आणि मध्ये किल्ली, नाणं, सेफ्टी पिन राहिली तर ती तापते. शिवाय आपल्याकडच्या दहा-पंधरा हजारांच्या बहुतेक फोनमध्ये वायरलेस चार्जिंगची सोयच नसते. घरात एकाचा फोन चालणार आणि चौघे वायर शोधत फिरणार. तेव्हा आधी घरातले फोन पाहा, मग पॅडचं बोला.

यूएसबीचा बोर्डही विचार करूनच द्या. यूएसबीची जुनी चपटी खाच गेली, मायक्रो गेली, आता टाइप-सी आली. युरोपीय संघाने तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचीच केली. सागाचा दिवाण दोन पिढ्या वापरात राहतो, खाच दहा वर्षांत बदलते. शिवाय बोर्डवरच्या साध्या यूएसबीतून दहा-पंधरा वॅट मिळतात आणि घरात ६७ वॅटचा चार्जर पडलेला असतो. मग त्या खाचेत धूळच साचते. म्हणून मूळ सोय म्हणजे आयएस १२९३ ची खूण असलेलं तीन पिनांचं सहा अँपिअरचं सॉकेट. यूएसबी द्यायचंच असेल तर मॉड्युलर प्लेटवर, उद्या दोन स्क्रू काढून बदलता येईल असं. फेविकॉलने चिकटवलेलं काहीही आत नको.

दिवाणाचा प्रश्न आपल्या भागात वेगळाच आहे, कारण हा कापसाचा मुलूख. घरोघरी पिंजलेल्या कापसाच्या गाद्या आणि रजया असतात. उशाच्या फळीतलं सॉकेट गादीच्या पातळीला आलं, तर रात्री कुशीवर वळणाऱ्या माणसाबरोबर रजई प्लगवर जाते, चार्जर कापसात रुतून बसतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. गादीची जाडी विचारा, तिच्या वर निदान वीतभर सोडा, आणि फोन ठेवायला तिथेच छोटी फळी द्या. नाहीतर फोन उशीखालीच जाणार. दुसरी गोष्ट कूलरची. विदर्भात दिवाण नेहमी कूलरच्या समोर असतो, नसेल तर उन्हाळ्यात हलवला जातो. वाळ्याच्या ताटव्यांतून येणारी ओली हवा आणि तिच्याबरोबर कधीमधी उडणारे थेंब सरळ उशावर येतात. तांब्याही तिथेच ठेवलेला असतो. म्हणून सॉकेट कूलरच्या तोंडाकडे नको, बाजूच्या फळीत आतल्या अंगाला घ्या. कूलर कुठल्या खिडकीला लागतो हे हिवाळ्यात दिसत नाही, विचारावंच लागतं.

आता, आष्टीच्या घरात चार्ज काय काय होतं? फोटोतल्या घरात फोन, घड्याळ, कानातले इअरफोन. आपल्याकडे रात्री शेतात पाणी द्यायला जाणाऱ्याचा टॉर्च, संत्र्याच्या बागेत, कपाशीत वापरायचा बॅटरीवरचा फवारणी पंप, कुणाकडे इलेक्ट्रिक स्कूटरची काढता येणारी बॅटरी. सॉकेट दिसलं की माणूस ते वापरणारच. फवारणी पंप दिवाणाखाली सरकवून तिथेच चार्जिंगला लावलेले अनेकांनी पाहिले असतील. या पंपांत बहुधा १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. चार्ज होताना, विशेषतः जास्त चार्ज झाली तर, तिच्यातून हायड्रोजन सुटू शकतो, आणि बंद खणात तो साचू देणं म्हणजे विस्तवाशी खेळ. त्याहून मोठी भीती पंपाला लागलेल्या औषधाची आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले. तेच औषध लागलेला पंप अंथरुणाखाली नको. तेव्हा फर्निचरचं माप घ्यायला जाल तेव्हा हाही प्रश्न विचारा, आणि ओसरीत किंवा मागच्या छपरीत पंपासाठी, स्कूटरच्या बॅटरीसाठी वेगळा, उघडा, हवेशीर पॉइंट घ्यायला घरमालकाला सांगा. या पॉइंटचा एक रुपया सुताराला मिळत नाही, हे खरं. पण तो नसेल तर तुमच्या देखण्या खणात काय शिरेल, याची खात्री देता येत नाही.

खरी गडबड होते ती कामाच्या क्रमात. वायरमन भिंत फोडून पाइप टाकतो, प्लास्टर होतं, रंग होतो आणि मग सुतार येतो. पॉइंट कुठे आणि पलंग कुठे याचा मेळ नसतो. मग भिंतीतल्या एकाच सॉकेटमधून एक्स्टेंशन बोर्ड, तो दिवाणाच्या पोटात, त्यातून दुसरा बोर्ड. बाहेरून सगळं लपलेलं, आत जुनाच गुंता. प्लास्टरच्या आधी सुतार आणि वायरमन अर्धा तास एका खोलीत उभे राहिले तर हे टळतं. पलंगाची जागा खडूने जमिनीवर आखा, उंची भिंतीवर लिहा, आणि फर्निचरच्या पॉइंटला बोर्डातून वेगळी वायर आणा. विजेचं काम परवानाधारक माणसाने करायचं असतं, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतही ते आहे. सुताराने जोडणी करून टाकणं हा वेळेचा फायदा वाटतो, जबाबदारी मात्र त्याच्याच गळ्यात येते. त्याने भोक पाडावं, वाट द्यावी, वायर दुसऱ्याने ओढावी.

आणि अर्थिंग. उंदीर वायर कुरतडतो, लाकूड त्याला आडोसाच देतं. तुरीची, सोयाबीनची पोती घरात असली तर उंदीर आलाच म्हणून समजा. कुरतडलेली वायर लोखंडी बॉक्सला टेकली तर अर्थिंगच वाचवतं. पण काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, कोळसा-मीठ टाकलेला खड्डा कोरडा होतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. नेमक्या त्याच दिवसांत कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्याही येतात. खड्ड्यात पाणी घाला, हे सांगायला खर्च नाही. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी घरात नसेल, तर लाकडात सॉकेट बसवण्याआधी ते बसवून घ्यायला सांगा. वायर पीव्हीसी पाइपातूनच न्या, प्लायच्या खाचेतून उघडी नको, आणि पाइपाची तोंडं बंद करा.

मग देखणेपणाचं काय? आमच्या मते या सगळ्या अटींतूनच चांगलं डिझाइन निघतं. दाराजवळच्या उभ्या युनिटचं उदाहरण घेऊ, कारण दिवाणापेक्षा ते सोयीचं आहे. बाहेरून आल्यावर सगळ्यांचे फोन तिथे जातात आणि रात्री अंथरुणात येत नाहीत. दोन मजली खण करा. खालच्या मजल्यात सॉकेट आणि चार्जर, वरच्यात फोन, मधल्या फळीला मागच्या बाजूने बोटभर रुंदीची आडवी फट, तिच्यातून फक्त केबल वर येते. फोनची फळी थोडी मागे कलती आणि पुढे छोटी पट्टी, म्हणजे फोन उभे राहतात आणि दोन्ही बाजूंनी हवा लागते. फळीवर कपडा किंवा फोम लावायचा मोह आवरा; त्याऐवजी स्वयंपाकघराच्या कामातून उरलेला टाइलचा किंवा कडप्प्याचा तुकडा बसवा. तो जळत नाही, पुसता येतो आणि दिसतोही छान. दाराला पूर्ण फळी न लावता सागाच्या उभ्या पट्ट्या लावा, दोन पट्ट्यांत आठ-दहा एमएमची फट. समोरून पाहणाऱ्याला पट्ट्या दिसतात, फोन दिसत नाहीत. पाठ पूर्ण बंद करू नका. खाली एक फट, वर एक फट, आणि भिंतीपासून इंचभर अंतर. गरम हवा वर जाते, खालून नवी येते. पंखा नको, वीज नको. खालच्या मजल्याचं झाकण चुंबकावर ठेवा म्हणजे हाताने निघेल. साफसफाई होईल, पाल-झुरळ दिसेल, वास आला तर कळेल. जिथे हात पोचत नाही तिथे वीज नेऊ नये, हा नियम जुन्या लाकडी पट्टीच्या फिटिंगवाल्यांनी पाळला होता. त्यांची वायर भिंतीवर डोळ्यांसमोर असायची.

सागाच्या पट्ट्या महाग पडतात अशी तक्रार येईल. बाभळीच्या चालतील, चांगल्या वाळलेल्या असल्या तर. प्लायच्या कापलेल्या पट्ट्यांना कडा लावायला जो वेळ जातो तो धरला, तर फरक वाटतो तेवढा राहत नाही.

पैशाबद्दल एकच गोष्ट. हे काम स्क्वेअर फुटाच्या दरात गुंडाळू नका. अंदाजपत्रकात चार्जिंगचा खण वेगळ्या ओळीत लिहा, वायरमनची मजुरी वेगळ्या ओळीत. फुकट दिलेल्या कामात पाठीच्या फटी आणि पाइप हेच आधी गळतात. आणि काम सोपवताना त्या चुंबकाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा : हा पॉइंट कुठल्या एमसीबीवर आहे, वायर किती एमएमची आहे, कुठल्या महिन्यात ओढली, आणि इथे फवारणी पंप लावायचा नाही.