पहिला नंबर नवख्याचा

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रात्री साडेनऊला आम्ही काही जण ऑनलाइन जमतो. सगळे संगणकाच्या कामातले किंवा त्या वाटेवरचे. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, रोहा इथली मुलं-मुली, मुंबई-पुण्यात नोकरी करणारे आणि दोघं-तिघं आखातातले. संस्था नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. २०२० च्या टाळेबंदीत हे सुरू झालं आणि लगेच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. किनाऱ्यावरच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, रेंज नव्हती. तरीही बैठक टिकली, याचा आम्हाला अभिमान होता.

मग परवा हिशेब केला. गेल्या दोन वर्षांत बोललेले एकूण सात जण, आणि त्यातले चार म्हणजे बैठक सुरू करणारे आम्हीच. उरलेले तीस-पस्तीस जण माइक बंद ठेवून ऐकतात. ‘आपली मुलं लाजतात’ असं आम्ही एकमेकांना सांगत आलो. आता मला वाटतं, हे आम्ही स्वतःच्या सोयीचं कारण शोधलं होतं.

म्हसळ्याची एक मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षभर न चुकता ऐकायला यायची. बोलशील का म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘‘भाई, माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे? मी अजून शिकतेय.’’ पुढे गप्पांत कळलं की ती मोहल्ल्यातल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देते. नाव दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, मार्कशीटवर तिसरं, म्हणून फॉर्म परत येतात. हे आपल्या घरांत कुणाला समजावून सांगायला नको. कुठली नावं अडकतील हे आधीच कळावं म्हणून तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला होता.

त्यासाठी तिने साउंडेक्स वापरलं. उच्चारावरून इंग्रजी नावं जुळवायची ही जुनी पद्धत, अमेरिकेत १९१८ साली तिचं पेटंट निघालं. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर आणि एच गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. शेख हे नाव ‘ए-आय’ने लिहा किंवा ‘ई-आय’ने, उत्तर एकच, एस२००. पण पूर्ण लिहिलेल्या मोहम्मदचं उत्तर एम५३० येतं आणि आपण सर्रास लिहितो त्या ‘एम-ओ-एच-डी’चं एम३००. यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. ‘क्यू’वाला काझी आणि ‘के’वाला काझी यांचं तर पहिलं अक्षरच जुळत नाही. मग तिने आपल्याकडच्या नावांची वेगळी यादी करून ती प्रोग्रामला जोडली.

हे सगळं तिने बरोबर पाच मिनिटांत सांगितलं. मी दहा-बारा वर्षं या धंद्यात आहे, नावं जुळवण्याचं कामही केलंय. मोहम्मदची ही अडचण माझ्या कधी लक्षात आली नव्हती, कारण माझा फॉर्म आता कुणी परत पाठवत नाही. नवखा माणूस जिथे अडखळतो ती जागा अनुभवी माणूस विसरून गेलेला असतो. त्यामुळे ‘आधी नीट शिका, मग बोला’ हा सल्ला कितीही प्रेमाने दिला तरी चुकीचा आहे. शिकत असतानाच सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं.

पाच मिनिटांच्या भाषणाची कल्पना माझी नाही. २००० साली अमेरिकेत पर्ल या संगणकीय भाषेच्या परिषदेत मार्क जेसन डॉमिनस यांनी अशा भाषणांना ‘लाइटनिंग टॉक’ हे नाव दिलं. आज पायकॉन इंडियासारख्या परिषदांतही त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवतात. भाषण फसलं तर पाचच मिनिटं जातात, ऐकणाऱ्याची आणि बोलणाऱ्याचीही.

पण क्रम कसा लावायचा, हे शिकायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. मुशायऱ्यात नवे शायर आधी वाचतात, उस्ताद शेवटी. उस्तादांच्या मागोमाग नवख्याला उभं केलं तर त्याचं काय होईल, हे त्या लोकांना माहीत होतं. शिवाय उस्तादांनाही रात्रभर बसून सगळ्यांचं ऐकावं लागतं, दाद द्यावी लागते. आम्ही नेमकं उलट करत होतो. आधी मोठ्या कंपनीतल्या कुणाचं तरी तासाभराचं भाषण, आणि अकरा वाजता, अर्धी माणसं निघून गेल्यावर, ‘‘नवीन कुणाला बोलायचंय का?’’ या प्रश्नाला उत्तर येत नसतं. ‘‘तू ते फॉर्मचं सांगशील का, पाच मिनिटं?’’ याला येतं.

भाषेचंही तेच. घरी कोकणी, शाळा उर्दू, एसटी स्टँडवर मराठी आणि कॉलेजात एकदम इंग्रजी. ‘इंग्रजीतच बोला’ असं आम्ही कधी म्हटलं नाही, पण स्वतः मात्र इंग्रजीत बोलत राहिलो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिनारला मी पाठ केलेलं इंग्रजी तिसऱ्या ओळीला विसरलो, खाली बसलो आणि पुढची तीन वर्षं वर्गात तोंड उघडलं नाही. हे मला आठवायला हवं होतं. आता नियम असा की पहिलं भाषण मराठीत, उर्दूत किंवा कोकणीत, जे तोंडात बसेल त्यात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. कुणाचे अब्बा ‘ऑनलाइन बोलायचं नाही’ म्हणाले, तर त्यांना मागासलेलं ठरवण्याआधी जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ आठवा. बोलणाऱ्या-लिहिणाऱ्या मुस्लीम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’ला लावणारी ती दोन ॲप गिटहबवरच टाकलेली होती, जिथे आपण रोज काम करतो. दुसऱ्या प्रकरणात पकडलेल्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. भीती खोटी नाही. म्हणून कॅमेरा बंद चालेल, नाव अर्धं चालेल, बोलणाऱ्याने स्वतः सांगितल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही, आणि लिंक फक्त ओळखीतून. यातलं एकही काम अवघड नव्हतं. ते आम्ही दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

जुने मित्र म्हणतात, पातळी घसरेल. थोडी घसरेलही. गेल्या महिन्यात एकाने जे सांगितलं ते कुठल्याही यूट्यूब व्हिडिओत सापडलं असतं. पण खोटं कौतुक करा असं मी म्हणत नाही. बैठकीआधी फोनवर एकदा तालीम घ्या, कुठे लांबतंय ते तिथेच सांगा. कामाचा भार नवख्याइतकाच आपल्यावरही हवा. आणि भाषण संपताच ‘‘हे अमुक टूलने का नाही केलं?’’ हा प्रश्न पहिला येऊ देऊ नका. तो विचारणारा बहुतेक वेळा स्वतःचं ज्ञान दाखवत असतो. मीही दाखवलंय.

येत्या रविवारी पहिला नंबर दिघीच्या एका मुलाचा आहे. वडिलांच्या बोटीचं डिझेल, बर्फ आणि खलाशांचे वाटे यांचा हिशेब तो मोबाइलवर कसा ठेवतो, ते सांगणार आहे. घरी रेंज मिळत नाही म्हणून गुरुवारी रात्री त्याने जेट्टीवरून तालीम दिली. अकरा मिनिटं झाली. सहा कमी करायची आहेत.