परसातल्या घराला परवानगी द्या

पुण्याजवळच्या मांजरी बुद्रुकमध्ये दोन-तीन गुंठ्यांवर घर बांधलेल्या माणसाकडे चार पैसे साठले, की तो घरामागे खोली काढतो. कधी लग्न झालेल्या मुलासाठी, कधी म्हाताऱ्या आईसाठी, आणि बहुतेक वेळा भाड्याने द्यायला. या खोल्यांवर सगळेच नाराज असतात. शेजारच्या सोसायटीतल्या फ्लॅटवाल्यांना त्या बकाल वाटतात, नगररचना खात्याच्या लेखी त्या अनधिकृत असतात, आणि ज्याने त्या काढल्या त्याला नोटिशीची धास्ती असते. माझे म्हणणे मात्र असे, की मालकाच्या घरामागे एक छोटे, स्वतंत्र, पक्के घर बांधण्याचा हक्क नियमांनी उघडपणे द्यावा. त्याविरुद्धचे आक्षेप आधी तपासू.

पहिला आक्षेप सोयींचा. पाणी टँकरचे, ड्रेनेज अपुरे, रस्ते अरुंद. त्यात आणखी घरे कशाला? तक्रार खरी आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष खोटा. 30 जून 2021 रोजी 23 गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत मांजरी बुद्रुक होते. पुढच्याच महिन्यात या गावांचे नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) सोपवले गेले. म्हणजे मिळकतकर एकीकडे आणि आराखडा दुसरीकडे गेला. या ओढाताणीत पाण्याची टंचाई आहे म्हणून उंच इमारती थांबल्या का? टँकरच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या सोसायट्या हडपसरपासून वाघोलीपर्यंत कोणालाही दिसतील. मोठ्या गृहप्रकल्पाला न विचारलेला पाण्याचा हिशेब तीनशे चौरस फुटांच्या घराला का विचारायचा? शिवाय पाणी माणसे पितात, खोल्या पीत नाहीत. घर नाकारले म्हणून कामगार गाव सोडून जात नाही. तो त्याच गावात एका खोलीत आठ जणांसोबत राहतो आणि तेच पाणी वापरतो.

दुसरा आक्षेप नियोजनाच्या अभिमानातून येतो. बाजूच्या मगरपट्ट्याकडे बघा, असे सांगितले जाते. तिथे सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र केली आणि नमुनेदार शहर उभे केले, ते असे सुटेसुटे बांधून जमले असते का? मगरपट्टा हे मोठे काम आहे, यात वाद नाही. पण ते एकरांच्या मालकांचे काम आहे. ज्याच्याकडे वाटण्या होता होता तीन गुंठे उरले, त्याने कोणाबरोबर आणि काय एकत्र करायचे? आणि अशा नमुनेदार शहरात धुणीभांडी करणारी बाई, रात्रपाळीचा वॉचमन, मांजरीच्या उपबाजारातला हमाल, हडपसरच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार, यांची घरे कुठे आहेत? त्यातले कितीतरी जण मांजरी, शेवाळेवाडी, केशवनगरच्या मागच्या खोल्यांत राहतात. टॉवर चालतो तो या खोल्यांच्या जिवावर. टॉवरच्या नावाने त्यांनाच हुसकणे हा कृतघ्नपणा झाला.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत गंभीर. विनापरवाना बांधकाम, अर्धवट माहितीचा मिस्त्री, ना इंजिनिअर ना आराखडा, अशाने जीव जातील. बरोबर. पण जीव कुठे जातात तेही पाहिले पाहिजे. 29 जून 2019 रोजी कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत खाली मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि 15 जण ठार झाले. परवडणारे पक्के घर मिळत नाही तेव्हा माणूस पत्र्याच्या शेडमध्ये राहतो, हे त्यामागचे सत्य. मागची खोली विनापरवाना राहिली, तर तिची तपासणीही होत नाही. धोका टाळायचा असेल तर बांधकाम चोरून होता कामा नये, आणि ते उघड करायचे तर परवानगी मिळाली पाहिजे.

चौथा आक्षेप खुद्द घरमालकाचा: भाडेकरू एकदा बसला की उठत नाही. ही भीती 1947 च्या जुन्या भाडेकायद्याने पेरली. भाडी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली आणि शहरातले वाडे खचले. पण 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने चित्र बदलले आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार केला आणि मुदत संपूनही राहणारा निघाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. अट एकच, करार नोंदवायला हवा. ती जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, आणि नोंदणी आता घरबसल्या होते. अनधिकृत खोलीचा मालक मात्र नोंदणीला बिचकतो, तोंडी व्यवहार करतो आणि मग भाडेकरूच्या नावाने बोटे मोडतो.

राहिला कायद्याचा आक्षेप. तुकडेबंदीचा 1947 चा कायदा शेतजमिनीचे तुकडे रोखण्यासाठी आहे. परसात दुसरे घर बांधल्याने सातबारा फुटत नाही. प्लॉट तोच, मालक तोच. उलट बंदीने काय साधले ते सरकारनेच कबूल केले आहे. गुंठेवारीची बांधकामे नियमित करण्याचा कायदा 2001 मध्ये आला आणि 2021 मध्ये त्याची मुदतरेषा 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे सरकवावी लागली. आधी बांधू द्यायचे आणि मग दंड घेऊन माफ करायचे, या रीतीत सरकारला पैसा मिळतो, पण राहणाऱ्याला ना खिडकी मिळते ना संडास.

आता मंडन. डिसेंबर 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीने 150 चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण दीड गुंठ्याच्या प्लॉटवर बांधकाम परवानगी सोपी केली. दिशा योग्य आहे, आणखी एक पाऊल हवे. कॅलिफोर्नियात घरांचा तुटवडा टोकाला गेला तेव्हा राज्याने 2016 पासून कायदे करून स्थानिक पालिकांचा नकाराधिकार छाटत नेला. आज तिथे आठशे चौरस फुटांपर्यंतचे परसातले घर मागून आणि बाजूने चार फूट जागा सोडली तर सहसा अडवता येत नाही. आपल्याकडे आठशेची गरज नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या छोट्या घराचे 30 चौरस मीटर चटई क्षेत्र पुरे.

अटी कडक असाव्यात. एका प्लॉटवर असे एकच घर. दहा खोल्यांची रांग नको. स्वतंत्र दार, खिडकी, संडास-बाथरूम आणि ड्रेनेजची जोडणी आधी, राहायला येणे नंतर. महापालिकेने चार-पाच तयार नकाशे द्यावेत आणि इंजिनिअरच्या दाखल्यावर ठरलेल्या मुदतीत परवानगी द्यावी. मागच्या घरापुरते सामासिक अंतर कमी करावे. घर वेगळे विकता येणार नाही आणि भाडेकरार नोंदवावाच लागेल. बदल्यात मालक स्वतः राहतो त्या घराची मिळकतकरातली 40 टक्के सवलत अबाधित ठेवावी. मागच्या घराचा कर वेगळा घ्यावा. मंजूर नकाशा हातात आला की बँकेचे दार उघडते. आज ते बंद असल्याने पैसा पतसंस्थेच्या चढ्या व्याजाने येतो, नाहीतर बाईच्या अंगावरच्या सोन्यातून.

जमिनी गेल्या, पेन्शन नाही आणि मुले हिंजवडीला, अशा घरमालकाला यातून म्हातारपणाचे नियमित उत्पन्न मिळेल. कामगाराला कामाजवळ पक्के छप्पर मिळेल. आणि सरकारला यासाठी एक गुंठाही संपादित करावा लागणार नाही.

मांजरीच्या विकास आराखड्यावर ज्यांची सही होणार आहे, त्यांना एवढेच सांगणे: या खोल्या तुम्ही परवानगी दिली नाही म्हणून थांबलेल्या नाहीत आणि पुढेही थांबणार नाहीत. त्या उजेड, पाणी आणि कागदासह व्हाव्यात की त्यांच्याशिवाय, इतकेच तुमच्या हातात आहे. ते ठरवा, आणि आराखडा जाहीर होण्याआधी ठरवा.