रँस : सावकाश घालवलेला एक दिवस

पॅरिसला गेलेली बरीच मंडळी एक दिवस डिस्नेलँडसाठी राखून ठेवतात. आम्ही दोघांनी तो दिवस रँसला दिला. शॅम्पेनचं हे शहर पॅरिसहून टीजीव्ही गाडीने जेमतेम पाऊण तासावर आहे.

गेल्या वर्षी ह्यांची बायपास झाली. त्याआधीच्या आमच्या सहली म्हणजे एका दिवसात सात ठिकाणं आणि रात्री सुजलेले पाय! या वेळी ठरवलं, तीनच गोष्टी बघायच्या, पण निवांत.

स्टेशनपासून रमतगमत कॅथेड्रलला पोहोचलो. १२११ साली याचं बांधकाम सुरू झालं. फ्रान्सच्या बहुतेक राजांचे राज्याभिषेक इथेच झाले. १४२९ मध्ये सातव्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाला जोन ऑफ आर्क हजर होती. पण आमचे पाय थबकले ते डावीकडच्या दारापाशी. तिथे एक देवदूत चक्क हसतोय! सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन तोफांच्या माऱ्यात कॅथेड्रलला आग लागली आणि या देवदूताचं डोकं खाली पडून फुटलं. लोकांनी तुकडे जपून ठेवले, जुन्या साच्याच्या आधाराने ते जोडले आणि १९२६ मध्ये हसू पुन्हा जागेवर बसलं. हे बराच वेळ वर बघत राहिले. मग छातीवरच्या टाक्यांवर हात ठेवून म्हणाले, "याचं आणि माझं जमेल."

आत मार्क शगालने घडवलेल्या १९७४ सालच्या निळ्या काचेच्या खिडक्या आहेत. तिथे अर्धा तास नुसते बसलो. बाहेर येऊन कॉफी आणि इथली प्रसिद्ध गुलाबी बिस्किटं घेतली. लोक ती शॅम्पेनमध्ये बुडवतात, आम्ही कॉफीत बुडवली. शाकाहारी वाचकांनो, त्यात अंडं असतं बरं का!

दुपारी पोमेरीचं तळघर पाहिलं. ११६ पायऱ्या उतरून खाली जायचं. खडूच्या दगडाच्या या प्राचीन खाणींमध्ये बाराही महिने दहा अंशांच्या आसपास गारवा असतो. पहिल्या महायुद्धात रँसची माणसं अशाच तळघरांत राहिली, मुलांच्या शाळाही तिथे भरल्या.

शॅम्पेनला घाई चालत नाही. बाटलीत ती दुसऱ्यांदा आंबते आणि किमान १५ महिने तरी मुरते. मग तोंडाकडून तिरप्या ठेवलेल्या बाटल्या रोज थोड्या थोड्या फिरवतात, म्हणजे गाळ तोंडाशी जमतो. ही युक्ती रुळली ती बार्ब-निकोल क्लिको यांच्याकडे. १८०५ मध्ये, २७व्या वर्षी त्यांचे पती गेले आणि त्यांनी धंदा हाती घेतला. आजही त्या शॅम्पेनच्या बाटलीवर 'व्हव', म्हणजे विधवा, असं छापलेलं असतं. तो शब्द ऐकला आणि मी नकळत ह्यांचा हात घट्ट धरला. ऑपरेशन थिएटरबाहेरचे ते सहा तास आठवले.

शेवटी चाखायला ग्लास मिळाला. ह्यांना डॉक्टरांची मनाई. त्यांनी बुडबुडे उजेडात निरखले आणि ग्लास माझ्या हातात दिला. वर येताना दर वीस पायऱ्यांवर थांबलो. मागच्या तरुण मंडळींना आम्ही पुढे जाऊ दिलं.

तिसरं ठिकाण स्टेशनजवळच होतं. एका शाळेतली खोली. ७ मे १९४५ च्या पहाटे जर्मनीने इथे शरणागतीवर सही केली. भिंतींवर त्या वेळचे नकाशे अजून तसेच आहेत.

जाणार असाल तर सकाळची गाडी पकडा. तळघराची वेळ आधी ऑनलाइन ठरवा आणि उन्हाळ्यातही स्वेटर जवळ ठेवा.

स्टेशनवर आलो तेव्हा गाडी उभीच होती. सवयीने मी धावायला निघाले. मागून आवाज आला, "अगं, पुढची आहे की!"

बाकावर बसून उरलेली बिस्किटं संपवली आणि पुढच्या गाडीने परतलो.