नागरिकाचे दप्तर विकाऊ नाही!

रस्त्यावरून धावणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या आणि स्कूटरच्या पुढे व मागे तिचा नंबर ठळकपणे लावलेला असला पाहिजे, असा कायद्याचा दंडक आहे आणि तो रास्त आहे. धडक देऊन पळालेल्या गाडीचा छडा लागावा, चोरीस गेलेली गाडी ओळखता यावी, कर चुकविणारास गाठता यावे, यासाठी हा नंबर असतो. परंतु हा नंबर म्हणजे एका कपाटाची किल्लीही आहे. त्या कपाटात मालकाचे नाव, त्याच्या घराचा पत्ता, इंजिनाचा व चासीचा क्रमांक, विम्याची मुदत, गाडीवरील कर्जाचा बोजा, असे सारे दप्तर ठेवलेले आहे. रस्त्यात उभा असलेला कोणीही इसम ही किल्ली वाचू शकतो. मग ते कपाट उघडण्याचा अधिकार कोणाला आणि कशासाठी? हा प्रश्न आता केवळ मोटारवाल्या धनिकांचा राहिलेला नाही. रात्रपाळी संपवून स्कूटरवरून घरी परतणारी परिचारिका, मुलाला शाळेत सोडून कचेरी गाठणारा कारकून आणि सेवानिवृत्त शिक्षक या सर्वांचा पत्ता त्या कपाटात आहे.

गाडीच्या विम्याची मुदत संपत आली, की अनोळखी माणसांचे दूरध्वनी खणखणू लागतात, हा अनुभव आमच्या वाचकांना नवा नाही. विमा अमुक तारखेला संपतो हे त्या गृहस्थाला कोणी सांगितले, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. आपण कंटाळून दूरध्वनी बंद करतो आणि कामाला लागतो. परंतु ज्या माणसाला आपल्या विम्याची तारीख कळू शकते, त्याला आपल्या घराचा दरवाजाही कळू शकतो, हा विचार आपल्यापैकी फार थोड्यांच्या मनात येतो. उपद्रव आणि धोका यांतील अंतर आपण समजतो तितके मोठे नाही. ते किती थोडे आहे हे अमेरिकेला एका तरुण मुलीचा प्राण गेल्यावर कळले.

१८ जुलै १९८९ रोजी लॉस एंजेलिस शहरात रिबेका शेफर नावाच्या एकवीस वर्षांच्या अभिनेत्रीचा तिच्या राहत्या घराच्या दारातच गोळी घालून खून झाला. मारेकरी तिचा नातलग नव्हता की परिचितही नव्हता. पडद्यावर पाहून तिच्या मागे लागलेला तो एक माथेफिरू होता. त्याने पैसे मोजून एक खाजगी गुप्तहेर गाठला आणि त्या गुप्तहेराने कॅलिफोर्निया राज्याच्या मोटार खात्याच्या दप्तरातून तिचा पत्ता मिळविला. कोणी कुलूप फोडले नाही, कोणी भिंत चढून आत शिरले नाही. सरकारी दप्तर ज्या रीतीने नित्य उघडत होते, त्याच रीतीने ते त्या दिवशीही उघडले. या घटनेतील भयंकर गोष्ट आमच्या मते हीच आहे.

पाच वर्षांनी, सप्टेंबर १९९४ मध्ये, अमेरिकेच्या काँग्रेसने मोटारचालकांच्या खाजगीपणाच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. मोटार खात्याने नागरिकाची व्यक्तिगत माहिती कोणालाही देऊ नये, हा त्यातील मूळ नियम. त्याला चौदा अपवाद आहेत आणि ते सर्व कायद्यातच लिहिलेले आहेत: पोलीस व न्यायालयांचे काम, रस्त्यावरील सुरक्षितता, विम्याच्या दाव्यांची चौकशी, संशोधन इत्यादी. ज्याची माहिती नियमबाह्य रीतीने मिळविली वा वापरली गेली, त्याला स्वतः न्यायालयात जाऊन किमान अडीच हजार डॉलर भरपाई मागता येते. जाहिरातबाजीसाठी माहिती द्यावयाची, तर मालकाची स्पष्ट संमती आधी घेतली पाहिजे, अशी दुरुस्तीही १९९९ मध्ये झाली.

हा कायदा सुखासुखी टिकला असे मात्र नाही. माहितीची विक्री हा तेथील राज्यांचा उत्पन्नाचा मार्ग होता. एकट्या विस्कॉन्सिन राज्याला त्यापासून वर्षाला सुमारे ८० लक्ष डॉलर मिळत. साउथ कॅरोलिना राज्याने तर कायद्यालाच आव्हान दिले. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो वैध ठरविला. पुढे २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. खटल्याच्या कामासाठी असलेल्या अपवादाचा आधार घेऊन वकिलांना नवे अशील मिळविण्यासाठी मोटारमालकांचे पत्ते गोळा करता येणार नाहीत, असा निर्णय त्याने दिला. अपवादाचे दार ज्या कामासाठी ठेवले असेल, त्याच कामासाठी त्यातून गेले पाहिजे, हा त्याचा मथितार्थ.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या देशात वाहनांच्या नोंदी 'वाहन' आणि परवान्यांच्या नोंदी 'सारथी' या मध्यवर्ती संग्रहांत जमा होतात. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्रालयाने या नोंदी घाऊक प्रमाणावर देण्याचे एक धोरण जाहीर केले. व्यापारी संस्थांना वर्षाला तीन कोटी रुपये आणि शिक्षणसंस्थांना पाच लाख रुपये, असा भावही त्यात ठरविला होता. या नोंदींत मालकाचे नाव नसेल, असा दिलासा देण्यात आला. परंतु दुसरीकडे उपलब्ध असलेल्या माहितीशी ताडून पाहिल्यास माणूस ओळखता येऊ शकतो, याची जाणीव त्या धोरणपत्रातच नमूद होती. धोका ठाऊक होता आणि भावही ठरला होता, याला काय म्हणावे? त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात श्री. नितीन गडकरी यांनी राज्यसभेत सांगितले, की ८७ खाजगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्था यांना या संग्रहांत प्रवेश देण्यात आला असून सरकारला त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीत संसदेला देण्यात आलेल्या माहितीप्रमाणे ही मिळकत शंभर कोटींच्या वर गेली होती.

आम्ही सरकारला विचारतो: ही मालमत्ता कोणाची? नागरिकाने आपले नाव व पत्ता आर. टी. ओ. कचेरीत दिला, तो खुशीने दिलेला नाही. दिला नाही तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून दिला. कायद्याच्या बळाने घेतलेली वस्तू ही ठेव असते आणि ठेवीचा व्यापार करणारास सावकारही चांगले म्हणत नाही. कुंपणानेच शेत खाण्यास आरंभ केला, तर शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागावी?

जून २०२० मध्ये ते धोरण मागे घेण्यात आले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. त्यापूर्वी काही महिने दिल्लीत दंगल उसळली होती आणि वाहनांच्या नोंदींवरून मालकाचे नाव व त्यावरून त्याचा धर्म हुडकून काढला जाईल, अशी भीती त्या वेळी उघडपणे व्यक्त झाली होती. आता सरकारी संकेतस्थळावर मालकाच्या नावातील काही अक्षरांच्या जागी तारका दिसतात, हीही सुधारणाच होय. तथापि धोरण म्हणजे कायदा नव्हे. एका परिपत्रकाने जे गेले, ते दुसऱ्या परिपत्रकाने परत येऊ शकते. नागरिकाची सुरक्षितता मंत्रालयातील एखाद्या अधिकाऱ्याच्या त्या त्या दिवशीच्या मतावर अवलंबून राहावी, हे लोकशाहीस शोभणारे नाही.

याबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दाखविलेली दिशा स्वच्छ आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्या हक्कावर मर्यादा घालावयाची, तर त्यास कायद्याचा आधार हवा, हेतू न्याय्य हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. त्याही आधी, २००४ मध्ये, कॅनरा बँकेच्या प्रकरणात न्यायालयाने असे म्हटले होते, की ग्राहकाने आपले कागद बँकेच्या हाती दिले एवढ्याने त्यांतील खाजगीपणा संपत नाही. मग जे कागद आपण सरकारच्या हाती देतो, त्यांतील खाजगीपणा कसा संपेल? घाऊक विक्रीचे धोरण या कसोट्यांना लावून पाहावे. त्याला संसदेच्या कोणत्या कायद्याचा स्पष्ट आधार होता? विक्रीचा भाव त्यात होता, परंतु ज्याची माहिती विकली जात होती, त्याची संमती कोठे होती?

'आता २०२३ चा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही,' असे सांगणारे आहेत. आम्ही तो कायदा वाचला आणि आमचे समाधान झाले नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. परंतु विलंब हा लहान दोष आहे. मोठे दोष तीन आहेत. पहिला असा, की जी माहिती एखाद्या कायद्यान्वये जाहीर करणे बंधनकारक असेल, ती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे उद्या वाहनांच्या नोंदी जाहीर करण्याचे बंधन कोणी घातले, की तेवढ्यापुरते संरक्षण संपले! दुसरा असा, की सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला या कायद्यातून सूट देऊ शकते. आणि तिसरा दोष आम्हाला सर्वांत अधिक खटकतो. या कायद्यान्वये दंड २५० कोटींपर्यंत होऊ शकतो, परंतु तो जमा होतो सरकारी तिजोरीत. ज्याचा पत्ता फुटला, ज्याच्या दारात गुंड उभा राहिला, त्याच्या हाती काय? काही नाही. कंपन्यांकडून भरपाई मागण्याची जी वाट माहिती-तंत्रज्ञान कायद्यातील ४३-अ कलमात होती, तीही गाळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. जखम एकाला आणि मलमाचे पैसे दुसऱ्याला, असा हा न्याय आहे.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. जमिनीचा सातबारा कोणालाही पाहता येतो. मग गाडीच्या मालकाचे नाव झाकून का ठेवावे? उत्तर असे, की जमीन जागची हलत नाही आणि तिचा मालक कोण हे जाणून घेण्यात खरेदीदाराचे, शेजाऱ्याचे, सबंध गावाचे हित असते. सातबारा हातात घेऊन कोणी रस्त्यावरून फिरत नाही. गाडीचा नंबर मात्र माणसाबरोबर फिरतो. सिग्नलपाशी क्षणभर दिसलेल्या अनोळखी स्त्रीच्या घरापर्यंत सातबारा कोणाला नेऊन पोहोचवीत नाही, गाडीचा नंबर पोहोचवू शकतो.

याचा अर्थ दप्तराला कायमचे टाळे ठोकावे असा नाही. ज्याचा मुलगा गाडीखाली सापडला, त्या बापाला गाडीच्या मालकाचे नाव व विमा कंपनीचे नाव मिळालेच पाहिजे. मोटार वाहन कायद्यातील १६० व्या कलमाने अपघाताची भरपाई मागणारास हा हक्क दिलेलाच आहे. जुनी गाडी घेणारास तिच्यावर कर्ज आहे की नाही हे कळलेच पाहिजे. त्यासाठी विकणाराच्या घराचा पत्ता लागत नाही. पोलिसांना तपास करता आलाच पाहिजे, पण त्या तपासाची नोंद राहिली पाहिजे. आणि खाजगीपणाची ढाल सत्ताधाऱ्यांनी आपल्यासाठी उचलू नये, हेही आम्ही येथेच बजावून ठेवतो. याच २०२३ च्या कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील आठव्या कलमात बदल करून व्यक्तिगत माहिती नाकारण्याचा मार्ग अधिकाऱ्यांना रुंद करून दिला आहे. सरकारी गाड्या कोण वापरतो, कशासाठी वापरतो, हे विचारणाऱ्या नागरिकाला 'खाजगी बाब' म्हणून वाटेला लावणे आणि त्याच नागरिकाच्या स्कूटरची नोंद बाजारात मांडणे, असा उफराटा व्यवहार आम्हाला नको आहे.

आमची मागणी थोडक्यात अशी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ६२-ब कलम घालून वाहनांची राष्ट्रीय नोंदवही निर्माण केली. त्याच कायद्यात ती नोंदवही कोणी, कशासाठी आणि किती उघडावी हे मोजक्या अपवादांसह लिहिले जावे. व्यापारासाठी ती विकण्यास मनाई असावी. दप्तर जेव्हा जेव्हा उघडले जाईल, तेव्हा उघडणाराचे नाव, वेळ आणि कारण नोंदले जावे आणि तपासातील गुप्ततेचा काळ संपल्यावर ती नोंद मालकाला पाहता यावी. ज्याची माहिती गैरमार्गाने गेली, त्याला स्वतः भरपाई मागता यावी, मग चूक कंपनीची असो की सरकारी कचेरीची.

या मागण्यांत अशक्य असे काही नाही. अमेरिकेने हा कायदा केला तो एका मुलीच्या मृत्यूनंतर. आपण तशा बळीची वाट पाहावयाची काय? बैल गेल्यावर झोपा बांधण्यात शहाणपण नाही. महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या लोकसभेच्या व राज्यसभेच्या सदस्यांनी हा प्रश्न संसदेच्या येत्या अधिवेशनात उपस्थित करावा, असे आमचे त्यांना आवाहन आहे. मते मागण्यासाठी ते आमच्या वाचकांच्या दारी येतात. ते दार सुरक्षित ठेवण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे.