कापलेल्या पोटाची ऊनोदरी नसते

आपल्या समाजाला कमी खाण्याचं फार कौतुक. अट्ठाई केली की वरघोडा, मासखमण केलं की घरी माणसांची रीघ, साधं एकासणं केलं तरी शेजारीण शाता विचारून जाते. त्यामुळे वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस चार घासांत ताट सारतो, तेव्हा पादऱ्यातल्या आमच्या देरासराच्या ओट्यावर लोक म्हणतात, "भाई तर तपस्वी झाले!" मला या वाक्याचा राग येतो.

ऊनोदरी हे सहा बाह्य तपांपैकी दुसरं. पोट शाबूत आहे, भूक आहे, अन्न समोर आहे आणि हात आपणहून थांबतो, तेव्हा ती ऊनोदरी. ह्यांच्या जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढलेला आहे. उरलेल्या अरुंद नळीत फार मावतच नाही. हे तप नव्हे, उपचार आहे; आणि त्याचं पथ्य जन्मभराचं आहे.

ह्या कौतुकाने काय होतं, ते सांगते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या महिन्यात ह्यांच्या उलट्या थांबेनात. आठवडे गेले. पायांना मुंग्या, चालताना तोल जायचा. घरी येणारा प्रत्येक जण म्हणे, "चरबी जळतेय, चांगलंच आहे." चरबी नव्हती ती बायांनो, शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत होतं. त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. कमतरता मेंदूपर्यंत पोचली तर डोळे, तोल, आठवण यांवर घाला येतो आणि काही नुकसान कायमचं राहतं. मी ह्यांना बडोद्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी थायमिनचं इंजेक्शन दिलं, मगच ग्लुकोजची बाटली लावली. हा क्रम उलटा झाला तर मेंदूचा धोका वाढतो. आज हे काठीशिवाय चालतात.

शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. ह्यांचा मधुमेह तिनेच आटोक्यात आणला. २०११ मध्ये नितीन गडकरींनी ती करून घेतली, तिचा बोलबाला झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये अरुण जेटलींनी करून घेतली. ते तेव्हा देशाचे अर्थमंत्री आणि आपल्या गुजरातचे राज्यसभा खासदार. त्याच महिन्यात गुंतागुंत होऊन त्यांना एम्समध्ये दाखल व्हावं लागलं. मंत्र्यांना चुकत नाही, ते पादऱ्यातल्या दुकानदाराला कसं चुकेल? पण बातमी होते ती घटलेल्या किलोंची. रात्री उशाशी तसराळं धरून बसणाऱ्या बाईची होत नाही.

तिच्या वाट्याला बोल येतात, तेही दोन्ही बाजूंनी. आधी, "तुमच्या हातच्या मोहनथाळानंच वजन वाढलं." नंतर, "किती सुकले हो, घरी जेवायला घालत नाही का?" पोट त्यांचं, चाकू डॉक्टरांचा, आणि जाब मात्र स्वयंपाकघराला! समुपदेशन झालं तेही एकट्या ह्यांचं. मी बाहेर बाकावर फाईल सांभाळत बसलेली. गोळ्या, प्रथिनं, रक्ततपासण्या जिने सांभाळायच्या, तिलाच दाराबाहेर ठेवायचं, ही कुठली रीत? स्वीडनमधल्या २०१८ च्या एका अभ्यासात अशा शस्त्रक्रियेनंतर जोडपी विभक्त होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मला नवल वाटलं नाही.

तेव्हा स्पष्ट सांगते. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बायकोला, किंवा रुग्ण बाई असेल तर नवऱ्याला, आत बोलवावं. पर्युषणात अशा माणसाला उपवासाचा आग्रह करू नये. त्याला दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, तीही थोडी थोडी करून. पाणी घटाघटा पिता येत नाही, दिवसभर घोट घोट घ्यावं लागतं. म्हणून चौविहार झेपत नसेल तर महाराजसाहेबांना विचारून तिविहार करावा, त्यात रात्री पाणी चालतं. बी-१२ आपल्या शाकाहारात आधीच कमी, आणि ते शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. जठरच कापलंय म्हटल्यावर बी-१२ जास्त मात्रेच्या गोळीने किंवा इंजेक्शनाने, डॉक्टर सांगतील तसं, घ्यावंच लागतं. आणि पुरुषांनी आपल्या गोळ्यांची डबी आपण भरावी. दुकानाचा हिशेब तोंडपाठ असतो, तर लोहाची गोळी कधी घ्यायची हे बायकोने का सांगायचं?

आता आपल्या मोठ्या मंडळींना एकच विचारते. बाह्य तपांप्रमाणे सहा आभ्यंतर तपंही आहेत ना? त्यांत वैयावृत्त्य आहे, सेवेचं तप. शास्त्रात ते साधूंच्या सेवेच्या संदर्भात येतं, ठाऊक आहे मला. पण आजाऱ्याची उलटी पुसणारा हात त्या भावनेपासून लांब कसा? उपवासाची पच्चक्खाणं जाहीर होतात, तपस्व्यांची बहुमानं होतात. वर्षभर आजाऱ्याचं करणाऱ्या बाईला मात्र आपण "सती आहे हो" म्हणून वाटेला लावतो.

मला बहुमान नको, सती तर मुळीच म्हणू नका. तुमच्या शेरीत अशी बाई असेल तर दुपारी दोन तास तिच्या माणसाजवळ बसा, आणि तिला झोपू द्या.