तव्यावरचा स्टेक आणि मनातले भय

माकुणसारला पाहुणे आले, की आमच्यातीलच काही जण तव्यावरच्या स्टेकला ‘मटण’ म्हणतात. हे भय कशाचे? १९९५ च्या विधेयकाला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळून गाईबरोबर बैल-वळूंच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हशीच्या मांसावर नव्हे. शिवाय परराज्यातून आणलेले गोमांस घरी बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. मग मिरी-व्हिनेगरमध्ये मुरविलेला म्हशीच्या मांसाचा काप (चिवट असतो, रात्रभर मुरू द्यावा) कडकडीत तव्यावर दोन्ही अंगांनी लाल करताना, त्यातच कांदा परतून तळाचा खरपूस रस खरवडताना खिडकी का लावावी? आम्ही तरी लावणार नाही.